सातव्या सीझनचा नववा भाग

तर म्हणे बाप पळून गेलाच नव्हता.

सहा सीझन आम्ही त्याला शिव्या मोजल्या,
मी आणि लिओ, याच खचलेल्या सोफ्यावर,
दर मंगळवारी, खेकड्यांच्या कारखान्यातून आल्यावर,
बोटांच्या चिरांत मिठाचं पाणी झोंबत असताना.
सहा सीझन तो हडकुळा एम्रिस
कंदील घेऊन धुक्यात भुतं हाकत फिरला
आणि हाकण्याआधी प्रत्येक भुताला विचारत राहिला,
माझा बाप दिसला का कुठे?

आज कळलं.
दीपगृहाच्या तळघरात एक दार आहे.
दाराच्या पलीकडे, दाराला पाठ लावून,
बाप उभा आहे
बावीस वर्षं,
बुडालेली माणसं अलीकडे येऊ नयेत म्हणून.
केस पांढरे, पिंढऱ्यांना शिंपले चिकटलेले,
खिशात पोराचा पडलेला दुधाचा दात.

लिओ रडला. चाळिशीचा बाप्या,
दाढीतून टिपं ओघळेपर्यंत.
मी नाही रडले.
मी उठून भांडी घासायला घेतली
इतक्या जोरात, की एका कपाचा कान हातात आला.

कारण ही लबाडी आहे.
पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात
शेजारीण त्याला बसमध्ये चढताना बघते,
हातात तपकिरी बॅग, ओठांवर शीळ.
तो भाग मी अकरा वेळा पाहिलाय.
त्या शिळेचं काय केलंत?
शीळ घालत कुणी
जगासाठी मरायला जात नाही.

तुम्हाला सोसवत नाही, लिहिणाऱ्यांनो,
की काही बाप नुसते जातात.
आमचा गेला, समुद्रातला कॉड संपला त्या वर्षी,
आल्बर्टाला, तेलाच्या वाळूवर.
नाताळला येतो म्हणाला.
तीन चेक आले, मग एक कार्ड,
मग कार्डसुद्धा नाही.
त्याच्या मागे शाप नव्हता, सैतान नव्हता.
रेड डिअरमध्ये एक बाई होती
आणि टायरचं दुकान.
दुकानाच्या जाहिरातीत त्याचा फोटो आहे,
टायरच्या चळतीला पाठ लावून उभा.
मी मोठा करकरून पाहिला.
मागे दार नव्हतं.

आई कोपऱ्यात मोज्याची टाच विणत होती.
तिला भुताखेतांचं काही कळत नाही,
सगळ्या पात्रांना ती ‘तो ओला मुलगा’ म्हणते.
म्हणाली, किती वर्षं धरलं म्हणालात दार?
बावीस, लिओ म्हणाला, नाक पुसत.
आणि याची आई?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
सात सीझन. जिन्यावर टांगलेला एक फोटो,
हिरवा झगा, अर्धा खांदा चौकटीबाहेर.
तिला नावसुद्धा दिलेलं नाही.
सगळ्या भुतांना आहे.

दार धरणं काय, आई म्हणाली,
एका जागी उभं राहायचं.
आणि सुटलेला टाका शोधायला
तिने मोजा दिव्याखाली नेला.

पुढे ती काही बोलली नाही. बोलेल असं वाटलं होतं.
लिओने परत पहिल्यापासून लावलं.
बाहेर बोनाविस्टाचा वारा
कुणाची तरी सैल पत्र्याची शेड आपटत होता
आणि मी सिंकपाशी उभी, हातात कपाचा कान,
मनात त्या लिहिणाऱ्यांचा उद्धार करत.

तरी खरं सांगते,
एम्रिस दारापाशी आला, फळीवर कान ठेवला,
पलीकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं,
तेव्हा मी नळ बंद केला.
त्याने पोराचा आवाज ओळखला का,
एवढंच ऐकायचं होतं.