चुकीच्या घरातली तार

चैत्रातल्या एका सकाळी चूळ भरली
आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळालं.
पोशव्वा म्हणाली, असं हसू नका, भीती वाटते.
मी हसत नव्हतो.

अख्ख्या विडी घरकुलाकडे औषध होतं.
वारं गेलं तोंडावरून. बाधा झाली कुणाची.
एकानं तर कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं.
सिव्हिलमध्ये गोळ्या मिळाल्या, डोळ्यात घालायचे थेंब,
रात्री पापणीला चिकटपट्टी,
आणि बागवान मॅडमच्या नावानं एक चिठ्ठी.

रेश्मा बागवान. वय माझ्या धाकटीएवढं.
आरसा पुढं ठेवून म्हणाली, काका, भुवया वर.
उजवी गेली.
डावी बसून राहिली, बोनस न मिळालेल्या कामगारासारखी.
गाल फुगवा. शीळ घाला.
शीळ कसली, नुसती हवा.
प म्हणा.
फ झाला.

पोशव्वाची फोशव्वा झाली त्या दिवसापासून.
ती म्हणायची, फोशव्वा कोण ते मला नाही माहीत,
चहा तिच्याकडंच मागा.

चाळीस वर्षं याच ओठांनी
धोट्याच्या भोकातून सूत ओढलं,
एक श्वास आत की तार बाहेर.
आता बशीतला चहा शर्टावर.
म्हणून घरी तासन्‌तास तोंड वेडंवाकडं करत बसलो,
खिडकीत पोरं जमेपर्यंत.
मॅडम रागावली.
जोर लावायचा नाही, काका. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा.
बोटानं गाल उचलून धरा
आणि त्याला आठवू द्या.

श्रावणात ओठ हलला.
पण ओठ हसला की डावा डोळा मिटायचा,
जेवताना पाणी यायचं त्यातून, दुःख नसताना.
मॅडम म्हणाली, नस परत वाढताना
एखादा धागा भलतीकडं जातो,
ओठाचा डोळ्यात.

एवढं मात्र मला कुणी शिकवायला नको होतं.
फणी भरताना एक तार शेजारच्या घरात गेली
की चादरीवर उभी रेघ पडते,
आणि ती दिसते दोन हात विणून झाल्यावर.
मग काय करता? तिनं विचारलं.
माग थांबवायचा. घरं मोजत मागं यायचं.
चुकलेली तार तोडायची,
आपल्या घरातून परत ओढून घ्यायची.
ती म्हणाली, तेच करायचंय.
फक्त तोडायचं नाही.

आता संध्याकाळी लाइट आली की
आरसा मागाच्या खांबाला टांगतो.
ओठ हलवायचा, इतकाच की डोळ्याला कळू नये.
पोशव्वा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असते.

परवा मंगळवारी हाक मारली.
पोशव्वा.
पहिलं अक्षर कुठंही न गळता बाहेर आलं.
तिनं वर पाहिलं नाही,
तेवीस, चोवीस, पंचवीस म्हणत
कट्ट्याला दोरा गुंडाळला, दातानं तोडला.
मग म्हणाली,
चहा पाहिजे का?