दळणाचा डबा मागे बांधून

सायकल धाकटीची. ती नोकरीला पुण्याला गेली
तेव्हा सीट मी दोन बोटं खाली घेतली.

महिनाभर दळण आणतेय तिच्यावरून.
पाच किलो ज्वारी, कॅरिअरला ट्यूबची पट्टी करकचून.
वळणावर मागचं ओझं जरा उशिरा वळतं.
गिरणीवाल्या खोतांना हे सांगितलं
तर म्हणाले, "वहिनी, रिक्षा मिळाली नाही होय?"

दस्तगीरच्या दुकानात पंक्चर शिकले.
घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबायची,
बुडबुडा आला की त्यावर बोट.
"खूण होईस्तोवर काढायचं नाही," तो म्हणाला,
आणि ओल्या हातानं मला चहा दिला.

नांद्रे, वसगडे, भिलवडीत थांबा, मग औदुंबर.
सांगलीतून निघायचं सहाला, ऊसगाड्यांच्या आधी.
हे म्हणतात, "एवढंसं तर अंतर,
जेवायला घरी येशील की. मुक्काम कशाला?"

वहीत याच्यापुढे काही लिहिलेलं नाही.
वहीतून खोडलंय ते: दुसरी साडी, उशी,
कुणाकुणासाठी न्यायचे लाडू.
पंप राहिला. बीपीच्या गोळ्या राहिल्या.
एक चादर, जिची घडी
मी तीनदा घालून पाहिली.

काल भक्तनिवासात फोन लावला.
"किती जण?"
"एक."
"एकच?" त्यानं खात्री करून घेतली.
मीही घेतली.

पुढच्या ब्रेकचं रबर तेवढं बदलायचंय.