हेडर

बोट आली ट्रकवर, किनाऱ्यावरच्या कुठल्याशा लिलावातून,
खाली धक्के बसू नयेत म्हणून केळीच्या पानांच्या पेंढ्या.
बचाव पथकाची नवी बोट,
म्हणजे बारा वर्षं दुसऱ्या कुणी पळवलेली.
चांगदेवला, तापी-पूर्णा भेटतात त्याच्या जरा खाली,
हतनूरचं पाणी जिथे आडवं होऊन पडतं,
तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिला उतरवली.

पहिल्याच सकाळी इंजिन बोललं:
टिक्. टिक्. टिक्.
तापलं की गप्प.
"चला, आपोआप थांबलं," साहेब म्हणाले.
झिपरू मिस्त्रींनी बिडी कानामागे खोचली.
"तापलं की लोखंड फुगतं साहेब, फट बुजते.
बुजली म्हणजे बरी झाली, असं नाही."

सावद्याच्या केळीच्या ट्रकांखाली
चाळीस वर्षं पाठीवर झोपलेला माणूस.
समुद्र त्याने कॅलेंडरवरही नीट पाहिला नव्हता.

हेडर उतरवायला दोन दिवस.
आठ बोल्ट, रात्रभर तेलात भिजवलेले.
सात आले. आठवा मानेत मोडला.
त्याच्या पोटात ड्रिल घालताना
मिस्त्री त्याच्याशी बोलत होते, हळू, अहिराणीत,
ते काय, ते मी इथे लिहिणार नाही.

बाहेरून निळा रंग, चकचकीत.
आतून पांढरी खपली, तिच्याखाली तांबूस भुगा.
त्यांनी नखावर घेतली, जिभेला लावली.
"चाखून पाह्य व."
खारट.
दोघंही काही वेळ तोंडात तो समुद्र घेऊन बसलो.

मग पोलादी पट्टी हेडरच्या तोंडावर आडवी,
मागे बॅटरी.
पट्टीखालून उजेडाची एक रेघ आली,
नखाच्या कडेएवढी.
एवढ्यातूनच ती टिक् यायची.

तोंड घासून सपाट केलं. गॅस्केट नवं.
बोल्टांच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस, बोटाने,
बाळाच्या टाळूला तेल लावावं तसं थोडंच.
"मधून सुरू कर. मग बाहेर.
पंगतीत वाढतो तसं एका टोकाकडून नको.
आणि एका दमात नको, तीन फेऱ्या."
यावलच्या आयटीआयमध्ये हाच तक्ता
मी पाठ करून चौदा मार्क मिळवले होते.
पाना 'कट्' म्हणाला आणि माझा खांदा
पहिल्यांदा तो तक्ता वाचायला शिकला.

एक गोष्ट मात्र मी सांगितली त्यांना.
तो जस्ताचा खडा, इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा,
खाऱ्या पाण्यातला.
गोड्या पाण्यात त्याच्यावर कवच धरतं, तो नुसता बसून राहतो.
इथे मॅग्नेशियम हवं.
मिस्त्रींनी खडा हातात फिरवला.
"म्हणजे याला मरायलासुद्धा मीठ लागतं?"
आणि खिशात टाकला.

भाद्रपदात धरणाचे दरवाजे उघडले.
रात्री सव्वाअकराला फोन,
पैलतीरावर वीटभट्टीवरची सतरा माणसं, दोन शेळ्या.
इंजिन सुरू झालं तेव्हा मी पाणी पाहत नव्हते,
कान देत होते.
थंड इंजिन. पहिला मिनिट. दुसरा.
काही नाही. नुसता घोगरा, भरलेला आवाज.

तीन खेपा. शेळ्या शेवटच्या खेपेत.

पहाटे तीनला पोरं ओल्या कपड्यांनी तशीच आडवी झाली.
मी दहा मिनिटं मंद चालू ठेवलं,
तापलेल्यावर एकदम गार पाणी ओतलं की तडा जातो.
मग नळी जोडली. टाकीतलं निवळ पाणी.
गाळ येत राहिला, चहाच्या रंगाचा,
आणि मग एकदाचं स्वच्छ.

नोंदवहीत लिहिलं: हेडर, गळती नाही.
उद्या, पुरतं गार झाल्यावर, बोल्ट पुन्हा तपासणे.

शेडच्या खिळ्याला मिस्त्रींचा शर्ट.
खिशात तो खडा अजून,
आणि बिडीच्या कागदात पुडी बांधलेलं काहीतरी.
उघडली नाही मी.
वास घेतला फक्त.