डायनामो काढला त्या वर्षी

जीप खात्याच्या लिलावातली.
माझ्याहून चार वर्षांनी थोरली.
बोली लावली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं,
डॉक्टरीणबाई, म्हैस घेताना दात तरी बघता!

बघितले होते दात.
चासी शाबूत होती. लो गियर टाकला
की घाणबीचा चढ कुरकुरत का होईना
चढत होती.
बाकीचं मल्हारपेठेत बाबालाल मुलाणी बघेल.

बाबालालनं बॉनेट उघडलं
आणि बिडी संपेपर्यंत काही बोललाच नाही.
मग म्हणाला, रोज चालवायची
का पावडर लावून दारात उभी करायची?
रोज, म्हटलं. पाटण, मोरगिरी, वरचे धनगरवाडे.
मग हिचे लाड नाहीत, म्हणाला.

आधी ब्रेक.
ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी,
पुढची तीन वळणं मी आणि देव.
भंगारातल्या बोलेरोच्या डिस्क बसल्या,
देवाला सुट्टी मिळाली.

मग वायपर. जुना इंजिनाच्या ओढीवर चालायचा,
म्हणजे चढाला थांबायचा तो,
पाऊस नाही.
त्याला मोटर आली.
पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं,
त्या दिवशी पर्समधून पॉलिश पेपरचा तुकडा काढून टाकला,
तर पर्स उगीच परक्या बाईची वाटली.
सीट एका ओम्नीची, बेल्टासकट.
मागं नायट्रोजनच्या कॅनला लोखंडी कडं,
हे बाबालालनं न सांगता वेल्डिंग केलं
आणि बिलातही लावलं नाही.

पुण्याचा एक हौशी गृहस्थ आला होता मधे.
गाडीखाली वाकून वाकून बघितलं,
उठला तो सुतकात असल्यासारखा.
अहो, ओरिजिनल काहीच ठेवलं नाहीत तुम्ही.
हॉर्न आहे की, म्हटलं.
हॉर्न तोच. सर्दी झालेल्या रेड्याचा.
तो ऐकला की वस्तीवरची कुत्री भुंकत नाहीत,
चुलीवर पाणी चढतं.
त्यानं भाव सांगितला नाही. मीही विचारला नाही.

डायनामो मात्र मीच टाळत आले.
सहाचे बारा व्होल्ट करायचे
म्हणजे बल्ब, बॅटरी, सगळी वायर,
आणि लेकीची फी त्याच महिन्यात, दरवर्षी.

तोवर असं चालायचं:
रात्री अडलेली म्हैस, वस्तीवर वीज गेलेली,
गोठ्याच्या तोंडाशी गाडी लावायची.
गाडी उभी राहिली की दिवे पिवळे पडायचे,
म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला
घरातलं कुणीतरी.
गंगाराम झोरेच्या गोठ्यात ते कुणीतरी
म्हणजे बिरू. नऊ वर्षांचा.
सीटच्या काठावर घसरून, बोटं ताणून
कसाबसा पेडलला पुरायचा.
आत म्हैस हंबरली की त्याचा पाय कापायचा
आणि माझा उजेड कापायचा.
कोपरापर्यंत हात आत, आणि मी ओरडतेय,
बिरू, उजेड!
की लगेच सगळा गोठा पांढराफट्ट,
म्हशीचे डोळे, शेणाची पाटी, गंगारामची कवळी धरलेली मूठ.

औंदा अल्टरनेटर बसला.
जुना डायनामो बाबालालनं तेल लावून
पोत्यात गुंडाळून दिला. असू दे, म्हणाला,
इतकी वर्षं राबलाय.

माघाच्या थंडीत पुन्हा झोरेंचा निरोप.
मी हँडब्रेक ओढते न ओढते
तर बिरू दार उघडून उभा, चप्पल काढून,
पाय तयार.
नको रे, म्हटलं. आता लागत नाही.
त्यानं दिव्यांकडं बघितलं.
इंजिन हळू गुरगुरत होतं
आणि उजेड हलत नव्हता.
माझ्या मागोमाग आत आला.
इतक्या रात्री बाहेर बसून काढल्या,
पण दाराच्या आतला हा गोठा
त्यानं असा कधी पाहिलाच नव्हता.
भिंतीला टेकून, एका पायावर दुसरा पाय ठेवून म्हणाला,
बाई, मग आता म्या काय दाबू?

वासराचे पुढचे दोन खूर बाहेर आलेले.
दोरीचं टोक दिलं त्याच्या हातात.
दाबायचं नाही, म्हटलं.
ओढायचं.
मी सांगीन तेव्हा.