भंगारात चालत नाही

जालन्यात गाडी मरते म्हणजे एमआयडीसीत जाते.
चुंबकाची क्रेन तिला कॉलर धरून उचलते,
चार दिवसांत सळई होऊन
ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये झोपते.
हिला मात्र हमीदसेठनं दारातूनच परत पाठवलं.
बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं.
टण् नाही, डब् वाजलं.
"फायबर आहे मॅडम. जळतं, वितळत नाही.
भट्टीचा माल नव्हे हा."

म्हणून ती माझ्या अंगणात.
दोन सीटची, बिनछताची, कमरेच्याही खालची,
कधीकाळी लाल.
लातूरच्या कुण्या डॉक्टरनं हौसेनं घेतलेली
आणि कंबर धरली म्हणून सोडून दिलेली.

मी आयटीआयत फिटर ट्रेड शिकवते.
एकोणीस वर्षं पोरांकडून लोखंडाचा तुकडा
काटकोनात घासून घेते,
परीक्षा झाली की तुकडा भंगारात.
एकदा तरी काहीतरी उलट्या दिशेनं यावं
असं वाटलं असेल.
नक्की सांगता येत नाही.

उद्धवनं अंगण पावलांनी मोजलं.
"आता वाळवण काय माझ्या डोक्यावर घालू?"
मग त्यानंच बॉनेटवर धोतर अंथरून
कुरडया घातल्या.
ऊन चांगलं लागतंय म्हणाला, चहूबाजूंनी.

वैशाखात रेझिन मग्ग्यातच पकडतं.
हार्डनरचे चार थेंब टाकून ब्रश उचलेपर्यंत
मग्गा हातात तापतो
आणि दगड होतो.
असे सात गेले.
तेव्हा रात्रीचं काम काढलं, दोनच्या पुढं,
फरशी निवल्यावर.
मुख्तारभाई दातात टॉर्च धरून
पोळीला तूप लावावं तसं रेझिन फिरवायचे.
"हौले हौले, बाजी. इसको लोहा मत समझो."
तीस वर्षं ट्रॅक्टरची मडगार्डं ठोकलेला माणूस,
गल्लीत कुणाची झोप मोडली नाही.

ब्रेकचं मास्टर सिलिंडर मारुतीचं.
सीटा मंठ्याच्या एका बंद पडलेल्या ट्रॅव्हल्सच्या,
नंबर अजून तसेच, सात आणि आठ.
चेसिसचा कुजलेला डावा कोपरा
रविवारी येऊन वैभव खिल्लारेनं जोडला,
ज्याला मी वेल्डिंगमध्ये दोनदा नापास केलंय.
वेल्ड सरळ नाही.
धरून आहे.
रेडिएटरला नळाच्या दिवसाची वाट पाहावी लागली.
आधी माठ, मग टाकी, मग बादल्या,
उरलं ते तिला.

पुण्याहून एक जण बघायला आले,
जुन्या गाड्यांतले जाणकार.
वाकले, उठले, रुमालानं हात पुसले.
"ओरिजिनल काहीच राहिलं नाही हो."
मी चहा दिला.
ओरिजिनल म्हणजे कधीची,
शोरूममधली की हमीदसेठच्या दारातली,
हे विचारायचं राहून गेलं.

पोळा होऊन गेल्यावर एका रात्री
अंबड रोडनं निघालो.
गतिरोधक आला की उद्धव उतरायचा,
रस्त्यावर गुडघे टेकून तिचं पोट बघायचा.
"ये, ये, तिरकी घे, अजून, अजून, बास."
असं अकरा वेळा.
शेवटचा धाबा मागं पडला
तसा रस्ता आमच्या मापाचा झाला.
मागं भट्ट्यांचा तांबूस उजेड,
दोन्ही बाजूंना कपाशी,
वर काहीच नाही.
उद्धवची टोपी उडाली. थांब म्हणाला नाही.
"किती आहे?" तो ओरडला.
मी पाहिलं.
डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चाळीतला तांदूळ नाचावा
तसे नटबोल्ट नाचत होते,
आणि काटा शून्यावर.
"किती?"
"कळत नाही!"
"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाला.

स्पीडोमीटरची केबल अजून मिळालेली नाही.
शोधतेय, असं सांगते सगळ्यांना.
मुख्तारभाईंनी एक आणून दिलीय खरी.
खणात आहे.