दोन नंबरचा माईक

पेपरवाल्यानं विचारलं, भाषेवरून झालं का?
नाही म्हटलं.
मग पैशावरून?
पैसे होते कुठं. रविवारचे दोघांत मिळून सातशे,
त्यातले साठ कोपऱ्यावरच्या मिरची-भज्यांत.
त्यानं पेन खिशात ठेवलं. बातमी नव्हती.

मी काचेच्या या बाजूला. तेरा वर्षं.
एक नंबरचा माईक बसलिंग मुगळींचा,
दोनचा वैजू अष्टेकरांचा,
दोन फेडरांवर माझी दोन बोटं.
अष्टेकर मराठीत कुस्ती लावायचे,
मुगळी कानडीत ती चितपट करायचे.
वाक्य इकडून निघून तिकडं पोचायचं,
मधे कुठं नाका लागायचा नाही.
"पोकळ घिस्सा, घिस्सा धरला, आणि—"
"नोड्री, नोड्री... बिद्दा!"
खानापूरच्या बायकांना बिद्दा कळायचं,
हुक्केरीच्या म्हाताऱ्यांना घिस्सा.

अष्टेकरांचा डावा कान मोडलेला.
पैलवानाचा कान म्हणायचे,
आणि कडोलीच्या मैदानाची गोष्ट काढायचे:
पावणेदोन तास कुस्ती, हलगीचं कातडं फाटलं,
पंचांनी शेवटी हात जोडून सोडवली.
दरवर्षी त्यात पाच मिनिटं वाढायची.
आम्ही वाढू द्यायचो.
सगळ्यांत जास्त मुगळी वाढू द्यायचे.

त्या रविवारी संकेश्वरचा पोरगा फोनवर:
"मामा, आमची आई पण ऐकूलालीय, सांगा की,
कडोलीत तुमच्यासमोर कोण होता?"
अष्टेकरांनी घसा साफ केला.
तेवढ्यात मुगळी हसले,
आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा माईकवर मराठीत बोलले:
"कोण असणार रे? सायकल होती.
ब्रेक नसलेली."

कानडीत म्हणाले असते
तर थट्टेतच राहिलं असतं बहुतेक.

मी हसले.
माझा माईक बंद होता,
काच मात्र काच होती.

अष्टेकरांनी हेडफोन काढला.
वायर नेहमीसारखी कोपर-पंजात गुंडाळली,
शेवटचा वेढा नीट बसेना,
सोडून परत गुंडाळली.
चार सेकंद काहीच गेलं नाही हवेत.
चार सेकंद म्हणजे काय ते
रेडिओत काम केल्याशिवाय कळायचं नाही.
मग मी कुंद्याची जाहिरात लावली.
साजूक तुपातला. तीनदा लागोपाठ.

मुगळी वडगावला जाऊन आले, एकदा नाही, तीनदा.
वहिनींनी चहा दिला, म्हणाल्या, रानात गेलेत.
रान विकून नऊ वर्षं झालेली,
चपला उंबऱ्याजवळ होत्या.
मुगळींनी बशीतला चहा बशीतच थंड होऊ दिला
आणि जाताना त्या चपला
पावसाचं लागतील म्हणून आत सरकवल्या.

आता धारवाडचा एक पोरगा येतो.
सगळ्यांची वजनं तोंडपाठ, वय, तालीम, वस्ताद.
वाक्य पुरं करतो आणि मगच थांबतो.
मुगळींना त्याच्या बोलण्यात शिरायला जागा सापडत नाही,
ते पाणी पितात. फार पाणी पितात हल्ली.
दोन नंबरच्या फोमवर अष्टेकरांच्या मिशीचा
एक पांढरा केस आहे. पोराला मी तीन नंबर दिलाय.

परवा कंग्राळीचं मैदान.
अष्टेकर गर्दीत, हलगीवाल्याच्या मागं उभे.
त्यांनी मला बघितलं नाही, किंवा बघितलं.
ओठ हलत होते.
मातीत एकानं पट काढला, दुसरा घसरला,
मोळी बांधल्यासारखा धरला गेला,
आणि त्यांचे ओठ "आणि—" वर येऊन थांबले.
उघडेच राहिले.
लोक उठून ओरडत होते.

तो पुढचा शब्द मला येतो.
तेरा वर्षं माझ्याच बोटाखालून गेलाय.
मी हलगीकडं बघत राहिले.