वीतभर

फ्रँकलिनच्या जुन्या बाजारातून आईने घासाघीस करून पृथ्वी आणली.
तिच्यावर अजून सोव्हिएत संघ आहे,
प्रशांत महासागरावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग,
आणि फिरवली की कुरकुरते.

विमान कंपनीतली मुलगी म्हणाली होती,
सांतियागो ते ऑकलंड, नऊ हजार सहाशे आणि वर काही किलोमीटर.
बारा-तेरा तास. वाऱ्यावर आहे.
वाऱ्यावर आहे म्हणजे काय, आईने विचारलं.
मुलीने तिकिटाचा दर सांगितला.

चाळीस वर्षं एदेलमिरा कपडे शिवते.
माणूस दारातून आत येईपर्यंत
तिला त्याचा खांदा कळलेला असतो.
किलोमीटर मात्र तिच्या हाताला लागत नाहीत.
म्हणून तिने टाचायचा पांढरा धागा घेतला,
एक टोक अंगठ्याने आमच्या शहरावर दाबलं,
दुसरं मला धरायला लावलं, रुपेर्तोच्या शहरावर.

मी म्हटलं, सरळ डावीकडे जाऊ दे,
भिंतीवरच्या नकाशात जातो तसा.
तसा तो सैल पडत होता.
तिने ताणला,
आणि धागा आपणहून खाली घसरला,
दक्षिणेला, गार पाण्यावर,
जिथे एक बेटसुद्धा छापलेलं नाही,
नुसता छापखान्याचा निळा.

ताणल्याशिवाय खरं माप मिळत नाही, आई म्हणाली.

म्हणजे तो ह्या वाटेने गेला.
सहा वर्षं आम्ही
भलत्याच खिडकीतून बघत होतो.

धागा टेपवर ठेवला. तेवीस सेंटिमीटर.
आईने अंगठा आणि करंगळी ताणून पाहिली.
वीतभर.
मग काही न बोलता मापांची वही काढली,
फेब्रुवारीतलं पान.
मेले, रुपेर्तोची मुलगी, आई टोंगाची.
फोनवर पाहिलेली, कडेवर न घेतलेली.
छाती एक्कावन्न. उंची ऐंशी.
बाही तेवीस.

इथे रात्रीचे नऊ, तिकडे उद्याची दुपार.
बाही मोज, आई फोनवर म्हणाली.
आई, ती आत्ताच झोपलीय.
झोपेतच मोज, जागी असताना हात कुठे देते?
मग बराच वेळ नुसता सरसर आवाज,
कुणाचा तरी छोटा सुस्कारा,
आणि माझा भाऊ, कुजबुजत,
साडेचोवीस.

दीड सेंटिमीटर म्हणजे ह्या पृथ्वीवर किती,
मी मनात गुणाकार मांडला,
सहाशेच्या वर गेल्यावर सोडून दिला.

आईने कात्री उचलली होती, परत ठेवली.
निळ्या लोकरी कापडावर खडूने रेघ मारली,
साडेचोवीसवर नाही, पार तिशीपाशी.
उरलेलं आत दुमडणार,
कच्ची टीप घालणार, तिकडे कुणालाही उसवता यावी अशी.

टपालाला महिना लागतो, ती म्हणाली,
आणि सुईत धागा ओवायला
माझ्याकडे दिला.